इंधन घटातील वीजनिर्मिती : तत्त्व, रचना आणि मराठवाड्याच्या संदर्भात काही विचार

प्रस्तावना

परभणी जिल्ह्यातील वाचकास वीजनिर्मिती म्हटले की प्रथम आठवते ते शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळी औष्णिक विद्युत केंद्र. २०१३ च्या दुष्काळात या केंद्रातील संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. कोळसा होता, यंत्रे होती, मागणी तर होतीच. नव्हते ते पाणी. ज्या गोदावरीवरील मुद्गल बंधाऱ्यातून (ता. पाथरी) या केंद्रासाठी पाणी घेतले गेले आहे तो बंधारा आपल्याच जिल्ह्यात आहे. त्यामुळे विजेचा प्रश्न आणि पाण्याचा प्रश्न हे मराठवाड्यात एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

औष्णिक केंद्राला इतके पाणी का लागते, याचे उत्तर त्याच्या कार्यपद्धतीत आहे. कोळशातील रासायनिक ऊर्जा जाळून तिची उष्णता केली जाते, उष्णतेने वाफ होते, वाफ चक्र फिरविते आणि चक्र जनित्र फिरविते. एका ऊर्जेची विजेत रूपांतर होण्यापूर्वी तीन रूपे बदलतात. यांतील उष्णतेपासून यांत्रिक ऊर्जा मिळविण्याच्या पायरीवर निसर्गाने कठोर मर्यादा घातली आहे. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्ये ती दाखवून दिली. परिणामी कोळशातील सुमारे एक तृतीयांश ऊर्जाच विजेच्या रूपाने हाती येते आणि उरलेली उष्णता बाहेर टाकण्यासाठी शीतक मनोऱ्यांतून पाण्याची वाफ करावी लागते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने शीतक मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांना घालून दिलेली पाण्याची मर्यादाच मुळी दर मेगावॉट-तासास ३.५ घनमीटर, म्हणजे विजेच्या एका युनिटमागे साडेतीन लिटर एवढी आहे.

इंधनातील रासायनिक ऊर्जा मधल्या पायऱ्या वगळून थेट विजेत रूपांतरित करता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर ‘इंधन घट’ या साधनात मिळते. प्रस्तुत लेखात या घटाचे कार्य सविस्तर समजावून सांगण्याचा प्रयत्न केला असून महाराष्ट्रात या विषयावर झालेल्या कामाचा परामर्श घेतला आहे. या तंत्राविषयी वृत्तपत्रांतून कधीकधी फार मोठ्या अपेक्षा निर्माण केल्या जातात. त्या कितपत खऱ्या आहेत, हेही आपल्या जिल्ह्याच्या परिस्थितीत ताडून पाहणे आवश्यक वाटते.

ग्रोव्ह यांचा वायुघट

पाण्यातून विद्युतप्रवाह सोडला असता त्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन या वायूंमध्ये अपघटन होते, हा प्रयोग शालेय अभ्यासक्रमात आहे. हीच क्रिया उलट दिशेने घडवून आणता येईल, हे सर विल्यम ग्रोव्ह या वेल्श संशोधकाने १८३९ मध्ये दाखविले. जर्मन-स्विस रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तियान श्योनबाइन हाही त्याच सुमारास याच निष्कर्षाप्रत आला होता. ग्रोव्ह पेशाने वकील होते व पुढे न्यायाधीशही झाले. त्यांनी विरल सल्फ्युरिक आम्लात प्लॅटिनमच्या पट्ट्या बुडविल्या, एकीभोवती हायड्रोजन व दुसरीभोवती ऑक्सिजन ठेवला आणि बाहेरील तारेतून प्रवाह वाहू लागला. पुढे असे अनेक घट एकापुढे एक जोडून त्यांच्याच विजेने त्यांनी पाण्याचे अपघटन करून दाखविले.

हा प्रयोग अत्यंत साध्या साहित्यात वर्गात करून दाखविता येतो. टॉर्चच्या निकामी सेलमधील कार्बनच्या दोन कांड्या स्वच्छ करून खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात बुडवाव्यात आणि त्यांना नऊ व्होल्टची बॅटरी एक-दोन मिनिटे जोडावी. (मीठ वापरू नये, क्लोरीन सुटतो.) दोन्ही कांड्यांवर बुडबुडे जमा होतात. आता बॅटरी काढून टाकून तिच्या जागी व्होल्टमीटर लावला तर त्याचा काटा शून्यावर न राहता काही काळ बाजूला झुकलेला दिसतो. कांड्यांवर चिकटून राहिलेले वायू पुन्हा पाणी होऊ पाहत असतात आणि त्या ओघात वीज देत असतात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा हा हलणारा काटा अधिक काही शिकवून जातो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

विल्हेल्म ओस्टवाल्ड या थोर रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्येच वाफेच्या यंत्राऐवजी विद्युतरासायनिक मार्गाने वीज निर्माण करावी असे आग्रहाने प्रतिपादन केले होते. तथापि डायनॅमो व वाफेचे यंत्र स्वस्त होते, कोळसा मुबलक होता आणि इंधन घटाला शुद्ध वायू व महागडा प्लॅटिनम लागत होता. त्यामुळे हा शोध जवळजवळ शतकभर प्रयोगशाळेतच राहिला. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस थॉमस बेकन यांनी १९५९ मध्ये पाच किलोवॉटचा अल्कधर्मी घटसंच चालवून दाखविला आणि १९६५ च्या जेमिनी-५ या अमेरिकी अवकाशयानात इंधन घटाने प्रत्यक्ष अंतराळात वीज पुरविली. अपोलो यानांमध्ये तर घटातून निघणारे पाणीच अंतराळवीर पीत असत. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ च्या ऑक्सिजन टाकीचा स्फोट झाला तेव्हा मुख्य यानातील वीज आणि पाणी ही दोन्ही एकदमच का संपुष्टात आली, याचा उलगडा यावरून होतो.

घटाच्या आत काय घडते?

हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये जाळला तर पाणी तयार होते आणि भरपूर उष्णता बाहेर पडते. या ज्वलनात हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनकडे जातात. देणारा आणि घेणारा एकमेकांना भिडलेले असल्यामुळे मधल्या मार्गात त्या इलेक्ट्रॉनांकडून काम करून घेण्यास वावच उरत नाही. इंधन घटाची सारी रचना ही भेट टाळण्यासाठी आहे. हायड्रोजन एका बाजूस, ऑक्सिजन दुसऱ्या बाजूस आणि मध्ये असा पडदा की ज्यातून इलेक्ट्रॉन जाऊ शकत नाहीत. मग इलेक्ट्रॉनांपुढे बाहेरील तारेचा एकच मार्ग शिल्लक राहतो. त्या तारेत आपण दिवा, पंखा किंवा मोटार जोडतो.

आज वाहनांसाठी प्रामुख्याने वापरला जाणारा घट म्हणजे प्रोटॉन-विनिमय पटलाचा घट होय. त्याचेच उदाहरण घेऊ. मध्यभागी काही दशांश मायक्रॉन नव्हे, तर साधारण पंधरा ते पन्नास मायक्रॉन जाडीचे, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असे बहुवारिकाचे पटल असते. पटलाच्या दोन्ही अंगांना कार्बनच्या भुकटीवर बसविलेले प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यावर सच्छिद्र कार्बन कागद आणि सर्वांत बाहेर ग्रॅफाइटच्या किंवा धातूच्या पट्ट्या असतात. शेतात सऱ्या पाडाव्यात तशा या पट्ट्यांवर बारीक नाल्या कोरलेल्या असतात. सरीतून जसे पाणी सबंध वाफ्यात पोचते तसा वायू या नाल्यांतून पटलाच्या सबंध पृष्ठभागावर समान पसरतो.

हायड्रोजनचा रेणू प्लॅटिनमच्या कणावर येऊन टेकला की त्याचे दोन अणू विलग होतात. प्रत्येक अणू आपला इलेक्ट्रॉन प्लॅटिनमच्या स्वाधीन करतो आणि केवळ प्रोटॉन उरतो. म्हणजे हायड्रोजनच्या एका रेणूपासून दोन प्रोटॉन व दोन इलेक्ट्रॉन मिळतात. इलेक्ट्रॉन कार्बनमधून बाहेरील परिपथात जातात. प्रोटॉन पटलात शिरतात. या पटलाच्या रेणूंना सल्फॉनिक आम्लाचे गट जोडलेले असून त्यांच्याभोवती पाण्याचे रेणू गोळा झालेले असतात. प्रोटॉन या पाण्याच्या रेणूंवरून पुढे सरकतो. परंतु तोच प्रोटॉन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो असे नाही. विहिरीच्या कामावर मजुरांची रांग जशी घमेले हातोहात पुढे देते, तसा पाण्याचा एक रेणू आपल्याकडील प्रोटॉन शेजाऱ्यास देतो व शेजारी पुढच्यास. या वहनाची कल्पना ग्रोटहुस या संशोधकाने १८०६ मध्येच मांडली होती. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी : पटल कोरडे पडले की ही रांग तुटते आणि घटाची वीज मंदावते. पुढे परभणीच्या उन्हाळ्याचा विचार करताना या मुद्द्याकडे परत यावे लागेल.

दुसऱ्या बाजूस हवेतील ऑक्सिजन येतो. तेथे पटलातून आलेले दोन प्रोटॉन, तारेतून फिरून आलेले दोन इलेक्ट्रॉन आणि ऑक्सिजनचा एक अणू एकत्र येऊन पाण्याचा एक रेणू तयार होतो. एकंदर क्रिया ज्वलनाचीच. हायड्रोजन अधिक ऑक्सिजन बरोबर पाणी. फरक एवढाच की इलेक्ट्रॉनांना वळसा घालून यावे लागले आणि त्या वळशात त्यांनी काम केले.

संज्ञांविषयी थोडा खुलासा करणे इष्ट ठरेल. मराठी पाठ्यपुस्तकांत ॲनोडला धनाग्र व कॅथोडला ऋणाग्र म्हणतात. विद्युत अपघटनाच्या प्रयोगात ते योग्यच आहे. इंधन घटात मात्र जेथे हायड्रोजन इलेक्ट्रॉन सोडतो तो ॲनोड घटाचे ऋण टोक असतो आणि ऑक्सिजनकडील कॅथोड धन टोक असतो. ‘धनाग्र हे ऋण टोक आहे’ असे वाक्य विद्यार्थ्यांपुढे उच्चारण्याचा प्रसंग नको म्हणून या लेखात ॲनोड व कॅथोड हेच शब्द वापरले आहेत. इलेक्ट्रॉन सुटतात तो ॲनोड आणि स्वीकारले जातात तो कॅथोड, ही व्याख्या दोन्ही ठिकाणी खरी ठरते.

साध्या बॅटरीशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. बॅटरीत रसायने आतच भरलेली असतात. ती संपली की बॅटरी उतरते. इंधन घट स्वतः काहीच साठवून ठेवत नाही. जोवर बाहेरून हायड्रोजन व हवा मिळत आहे तोवर तो वीज देतो. या अर्थाने तो बॅटरीपेक्षा डिझेल जनित्राच्या अधिक जवळचा आहे.

१.२३ व्होल्टपैकी हाती किती?

एक मोल हायड्रोजनपासून द्रवरूप पाणी होताना २८६ किलोजूल ऊर्जा मुक्त होते. यांपैकी सर्वच विजेत बदलता येत नाही. २५ अंश सेल्सिअस तापमानास जास्तीत जास्त २३७ किलोजूल विद्युतकार्य मिळू शकते; उरलेली ऊर्जा उष्णतारूपाने जाणे अटळ आहे. म्हणजे सैद्धांतिक कार्यक्षमता ८३ टक्के. फॅरेडेच्या नियमानुसार हा हिशेब व्होल्टमध्ये मांडला तर एका घटाचा दाब १.२३ व्होल्ट येतो.

प्रत्यक्षात प्रवाह घेऊ लागताच हा दाब ०.६ ते ०.७ व्होल्टपर्यंत उतरतो. सर्वांत मोठी तूट कॅथोडवर होते. ऑक्सिजनच्या रेणूतील दुहेरी बंध तोडणे प्लॅटिनमलाही जड जाते आणि ही क्रिया पुरेशा वेगाने घडविण्यासाठी काही व्होल्टता खर्ची घालावी लागते. त्याखेरीज पटलातून जाताना प्रोटॉनांना विरोध होतो. तसेच प्रवाह फार वाढविल्यास तयार झालेले पाणीच कार्बन कागदाची छिद्रे बुजवून ऑक्सिजनची वाट अडविते. म्हणजे पाणी कमी झाले तर पटल सुकते आणि जास्त झाले तर घट बुडतो. अभियंत्यांचा अर्धा वेळ या पाण्याच्या व्यवस्थापनात जातो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

एका घटाच्या ०.६५ व्होल्टने काहीच चालत नाही. म्हणून घट एकावर एक रचून त्यांचा संच करतात. समजा प्रत्येक घटाचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर आहे आणि दर चौरस सेंटिमीटरमागे एक ॲम्पिअर प्रवाह मिळतो. असे शंभर घट एकसरीत जोडले तर ६५ व्होल्ट दाबाने १५० ॲम्पिअर, म्हणजे सुमारे पावणेदहा किलोवॉट शक्ती मिळते. टोयोटा कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये जपानमध्ये विक्रीस आणलेल्या मिराई मोटारीच्या संचात असे ३७० घट होते.

याच गणिताने एक किलोग्रॅम हायड्रोजनपासून साधारण १७ युनिट वीज व ९ लिटर पाणी मिळते. पाच अश्वशक्तीचा कृषिपंप यावर सुमारे पावणेचार तास चालेल. हायड्रोजनमधील एकूण ऊर्जा ३९ युनिट धरल्यास ही कार्यक्षमता ४४ टक्के येते. जाहिरातींत पन्नास-साठ टक्के असे आकडे दिसतात. पाणी वाफेच्या रूपात निघून जाते असे गृहीत धरून ऊर्जेचा छेदच कमी घेतला की आकडा वाढतो. दोन्ही पद्धती मान्य आहेत. परंतु कोणती वापरली हे सांगितले गेले पाहिजे.

अंबरनाथ येथील घट व पाणबुडी

महाराष्ट्रात इंधन घटावर झालेले सर्वांत चिकाटीचे काम ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे झाले आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नसावी. तेथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा ही संरक्षण संशोधन व विकास संघटनेची संस्था असून तिने पाणबुडीसाठी फॉस्फरिक आम्लाचा इंधन घट विकसित केला आहे.

डिझेल-विद्युत पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की डिझेल इंजिन चालवून ती पुन्हा भारित करावी लागते आणि इंजिनाला हवा लागते. त्यामुळे काही दिवसांनी पाणबुडीला पृष्ठभागाजवळ येऊन हवेची नळी वर काढावी लागते. शत्रूच्या नजरेस पडण्याचा धोका याच क्षणी सर्वाधिक असतो. इंधन घटाला सोबत नेलेला ऑक्सिजन पुरतो, त्यात हलणारे मोठे भाग नसल्याने आवाजही अत्यल्प होतो. म्हणून पाणबुडी अधिक काळ खाली राहू शकते.

प्रश्न उरतो हायड्रोजनचा. हा वायू सर्वांत हलका असल्याने पाणबुडीच्या बंदिस्त जागेत तो पुरेशा प्रमाणात साठविणे अवघड व धोक्याचे असते. जर्मनीच्या २१२ वर्गातील पाणबुड्यांत तो विशिष्ट धातूंमध्ये शोषून ठेवतात. अंबरनाथच्या शास्त्रज्ञांनी वेगळा मार्ग निवडला. हायड्रोजन साठवायचाच नाही, हवा तेव्हा पाणबुडीवरच तयार करायचा. यासाठी सोडियम बोरोहायड्राइड या संयुगाची उत्प्रेरकाच्या साहाय्याने पाण्याशी क्रिया घडविली जाते. या क्रियेत संयुगाचा एक रेणू पाण्याच्या दोन रेणूंशी संयोग पावतो व हायड्रोजनचे चार रेणू देतो, म्हणजे निम्मा हायड्रोजन पाण्यातूनच येतो. हे चार रेणू घटात गेले की पाण्याचे चार रेणू तयार होतात. रासायनिक हिशेबाने पाहता जेवढे पाणी खर्च झाले त्याच्या दुप्पट परत मिळते. हे गणित प्रस्तुत लेखकास अतिशय सुंदर वाटते.

फॉस्फरिक आम्लाचा घट १५० ते २०० अंश तापमानास चालतो. त्यातही प्रोटॉनच वाहक असतात; मात्र बहुवारिकाच्या पटलाऐवजी सिलिकॉन कार्बाइडच्या सच्छिद्र थरात धरून ठेवलेले आम्ल असते. या तापमानामुळे हायड्रोजनमध्ये थोडा कार्बन मोनॉक्साइड आला तरी चालतो. कमी तापमानाच्या घटात हा वायू प्लॅटिनमच्या कणांवर घट्ट बसून त्यांना निकामी करतो.

या प्रणालीच्या जमिनीवरील नमुन्याची चाचणी ८ मार्च २०२१ रोजी यशस्वी झाली. दीर्घकाळ चालणे आणि कमाल शक्ती देणे या दोन्ही कसोट्यांवर ती पारखण्यात आली. लार्सन अँड टुब्रो व पुण्याची थरमॅक्स या कंपन्या या कामात भागीदार होत्या. ३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने ही प्रणाली सामावणारा भाग बांधून पाणबुडीत बसविण्यासाठी मुंबईच्या माझगाव डॉक या गोदीशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला. प्रयोगशाळेतील घट समुद्रात उतरण्यास किती वर्षे लागतात याची यावरून कल्पना यावी.

पुण्यातील प्रयत्न आणि परभणीचा उन्हाळा

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तमिळनाडूतील कारैकुडी येथील केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्थेसह प्रोटॉन-विनिमय घटाचे तंत्र विकसित केले. केपीआयटी या पुण्यातील कंपनीच्या सहकार्याने दहा किलोवॉटचा संच तयार झाला व ऑक्टोबर २०२० मध्ये त्यावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी घेण्यात आली. २१ ऑगस्ट २०२२ रोजी याच तंत्रावरील बसचे पुण्यात केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांच्या हस्ते अनावरण झाले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेनेही १ जानेवारी २०२४ रोजी उड्डाण केलेल्या पीएसएलव्ही-सी५८ यानाच्या चौथ्या टप्प्यात इंधन घट चालवून १८० वॉट शक्ती मिळविली.

पुण्यातील संच ६५ ते ७५ अंश तापमानास चालतो. असा घट मे महिन्यात परभणीत चालवायचा झाल्यास दोन अडचणी संभवतात. पहिली थंडाव्याची. निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णता होऊन बाहेर टाकायची असते. डिझेल इंजिनाचे शीतक पाणी नव्वद-शंभर अंशांपर्यंत तापते, शिवाय बरीच उष्णता धुराबरोबर निघून जाते. इंधन घटाला धूरच नाही. जवळजवळ सर्व उष्णता रेडिएटरनेच बाहेर टाकावी लागते. संच सत्तर अंशांवर आणि बाहेरची हवा चव्वेचाळीस अंशांवर असेल तर फरक केवळ सव्वीस अंशांचा राहतो. उष्णता वाहण्याचा वेग या फरकावर अवलंबून असल्याने मोठा रेडिएटर व मोठा पंखा लागतो आणि तो पंखाही घटाचीच वीज खातो. दुसरी अडचण कोरडेपणाची. एप्रिल-मे महिन्यांतील शुष्क हवा पटलातील ओलावा शोषून घेते. म्हणून आत येणाऱ्या हवेस घटातून निघालेल्या दमट हवेचा ओलावा देण्याची व्यवस्था करावी लागते. या दोन्ही अडचणींवर उपाय आहेत. परंतु युरोपातील हवामानात मिळालेले आकडे जसेच्या तसे येथे लागू करणे योग्य होणार नाही.

हायड्रोजन कोठून आणायचा?

‘पाण्यावर चालणारी मोटार’ अशा मथळ्याच्या बातम्या अधूनमधून वाचावयास मिळतात. त्यांतील गैरसमज दूर होणे अत्यावश्यक आहे. पाणी हे इंधन नव्हे. ती हायड्रोजनची राख आहे. चुलीतील राखेपासून पुन्हा लाकूड करता येत नाही तोवर ती जळणार नाही. पाण्यापासून हायड्रोजन मिळविता येतो खरा, पण त्यासाठी घटातून मिळणाऱ्या विजेपेक्षा अधिक वीज आधी खर्च करावी लागते. इंधन घट ऊर्जेचे रूपांतर करतो, उत्पत्ती नव्हे.

केंद्र शासनाने ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले आणि महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी जुलैमध्ये आपले हरित हायड्रोजन धोरण स्वीकारले. सौर वा पवन विजेने पाण्याचे अपघटन करून मिळविलेला हायड्रोजन तो हरित हायड्रोजन. एक किलो हायड्रोजनसाठी आजच्या यंत्रांना ५० ते ५५ युनिट वीज लागते. घटातून परत मिळते ती १७ युनिट. म्हणजे तीन युनिट घालून एक युनिट काढावयाचे. वायू दाबून भरण्याचा खर्च यात धरलेला नाही. तीच वीज चांगल्या बॅटरीत साठविली तर दहापैकी साडेआठ-नऊ भाग परत मिळतात.

हा हिशेब समोर ठेवला म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या पंपासाठी काय योग्य, हे ठरविणे कठीण नाही. दिवसा सौर वीज थेट पंपाला द्यावी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा (२०१७) हेतूही तोच होता. रात्रीच्या वीजपुरवठ्यामुळे अंधारात, विंचू-काट्यांत दारे धरण्याची पाळी शेतकऱ्यावर येते. तिच्यातून सुटका करण्यासाठी दिवसाच्या विजेचे हायड्रोजन करून रात्री पुन्हा वीज करणे हा द्राविडी प्राणायाम ठरेल. इंधन घटाची जागा अन्यत्र आहे. जेथे बॅटरीचे वजन परवडत नाही अशी लांब पल्ल्याची जड वाहने, जेथे हवा मिळत नाही अशा पाणबुड्या, जेथे कित्येक दिवस पुरेल असा साठा लागतो अशी ठिकाणे येथे तो इतर साधनांना मागे टाकतो.

पाण्याचा हिशेब मात्र निराळा निघतो. एक किलो हायड्रोजनसाठी रासायनिक दृष्ट्या ९ लिटर शुद्ध पाणी पुरते. आपल्याकडील क्षारयुक्त भूजल शुद्ध करताना वाया जाणारे व यंत्रे थंड करण्यास लागणारे पाणी धरले तर ही गरज दुपटीहून अधिक होते. वीस लिटर धरले तरी घटातून मिळणाऱ्या प्रत्येक युनिटमागे ते सव्वा लिटरच्या आत बसते. औष्णिक केंद्रासाठीची साडेतीन लिटरची मर्यादा वर दिलीच आहे. अर्थात घटातून निघणारे पाणी जेथे वीज वापरली तेथे मिळते, जेथे बोअरचे पाणी उपसले तेथे नव्हे. गोदाकाठी हायड्रोजन करून तो मुंबई-पुण्याच्या बसेसना दिला तर परभणीचे पाणी पुण्याच्या रस्त्यावर वाफ होऊन जाईल. मोठे प्रकल्प येऊ घातले की हा प्रश्न विचारावा लागेल, आणि तो आपल्यालाच विचारावा लागेल.

पाण्याचे अपघटन हा हायड्रोजनचा एकमेव मार्ग नाही. जिल्ह्यात कापूस व सोयाबीन ही प्रमुख पिके असून वेचणीनंतर उभी राहणारी पऱ्हाटी आणि मळणीनंतरचे भुसकट यांचा मोठा भाग बांधावर जळून जातो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीच्या सहकार्याने शेतातील अवशेषांपासून हायड्रोजन मिळविण्याची पद्धत २०२१ मध्ये जाहीर केली. तीत आधी जीवाणूंकरवी अवशेषांचा जैववायू केला जातो व नंतर त्यातील मिथेनचे हायड्रोजनमध्ये रूपांतर होते.

याहून सरळ मार्ग घन ऑक्साइड घटाचा आहे. त्यात पटलाच्या जागी झिर्कोनियाची चिनीमातीसारखी कठीण चकती असते आणि तो ६०० ते १००० अंश तापमानास चालतो. येथे प्रोटॉन ॲनोडकडून कॅथोडकडे जात नाहीत. उलट ऑक्सिजनचे आयन कॅथोडकडून ॲनोडकडे येतात. ते इंधनापर्यंत पोचत असल्याने केवळ हायड्रोजनच नव्हे तर कार्बन मोनॉक्साइडही, जो कमी तापमानाच्या घटाला विष ठरतो, येथे इंधन म्हणून चालतो. एवढ्या तापमानास प्लॅटिनमची गरज नसते, निकेल पुरतो. मिथेनमध्ये वाफ मिसळून तो निकेलवर सोडला की घटाच्या आतच हायड्रोजन तयार होतो. म्हणजे गोबर गॅस किंवा साखर कारखान्यांच्या सांडपाण्यापासून मिळणारा वायू तत्त्वतः थेट वापरता येतो.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे हा घट तापण्यास काही तास घेतो आणि वारंवार चालू-बंद केल्यास चकतीस तडे जातात. तेव्हा तो सतत चालणाऱ्या ठिकाणीच, उदाहरणार्थ दूध शीतकरण केंद्र किंवा रुग्णालय येथे, उपयोगी पडेल. दुसरी अडचण गोबर गॅसमधील हायड्रोजन सल्फाइडची. संयंत्राजवळ सडक्या अंड्यासारखी जी दुर्गंधी येते ती याचीच. अत्यल्प प्रमाणातही हा वायू निकेलला निकामी करतो. तो काढून टाकण्यासाठी वायू लोखंडाच्या ऑक्साइडच्या थरातून नेतात. या थरास साधा गंजलेला लोखंडी कीसही चालतो. थर काळा पडला की हवेवर पसरून पुन्हा तांबूस होऊ द्यावा लागतो आणि काही वेळा वापरल्यानंतर तो बदलावा लागतो. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी हा विषय आपल्या महाविद्यालयांतून सहज घेता येण्याजोगा आहे : लोखंडाचा कीस, एक काचनळी, शेजारच्या गोठ्यातील गॅस आणि वायू कितपत शुद्ध झाला हे दाखविणारा लेड ॲसिटेटचा कागद एवढेच साहित्य त्यास लागते.